घराला पैसा, घराला परवानगी



घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. लग्न एका दिवसात उरकते. घर मात्र उरकता उरकत नाही. माती, दगड, सिमेंट, गवंडी हे सगळे जमले तरी दोन गोष्टी राहतात. एक सरकारचा पैसा. दुसरी सरकारची परवानगी. या दोन गोष्टींची दारे वेगळी आहेत, आणि एका दारात उभे राहून दुसऱ्या दाराची कडी वाजवता येत नाही. हे आम्हाला आमच्या चुकीतून कळले. ती चूक आधी सांगतो.

आमचे गाव हदगाव तालुक्यातले, कयाधू नदीच्या अंगाला. गावात एक गडी आहे. त्याचे नाव घेत नाही. मळणी यंत्रात त्याचा उजवा पाय गेला. गुडघ्याखाली काही उरले नाही. दवाखान्यातून आला तो चाकाच्या खुर्चीवर बसून आला. घर जुने, माळवदाचे. ओटा दोन फूट उंच, तीन पायऱ्या, पुढे वीतभर उंच उंबरा. परसाकडे जायचे तर बायको आणि आई दोघींनी मिळून उचलायचे. एक दिवस त्याची आई आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, लेकराला रोज मेल्यावानी उचलून न्यावं लागतंय. सरकार काही देतं का बघा. घरकुलाच्या यादीत नाव हाय म्हणत्यात."

आम्ही लगेच कागद घेतला. चाळीस वर्षे मुलांना अर्जलेखन शिकवले, आम्हाला काय अवघड? झकास दोन पानी अर्ज लिहिला. त्यात घरकुलाचा हप्ता मागितला, खुर्ची चढायला उतार मागितला, उतारासाठी गल्लीतली जागा मागितली, आणि शेजारी तंटा करतो ही तक्रारही त्यातच घातली. अर्ज दिला. चार महिने गेले, काही झाले नाही. चौकशी केली तेव्हा कळले की अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे. पैशाचा माणूस म्हणे, जागेचे काम माझे नाही. जागेचा माणूस म्हणे, पैशाचे मला माहीत नाही. दोघेही खरे बोलत होते. चूक आमची होती. एका अर्जात एकच मागणी असावी, हे आम्ही मुलांना शिकवले आणि स्वतः विसरलो.

पैशाची वाट

खेड्यात घरासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीला आपण घरकुल म्हणतो. पूर्वी इंदिरा आवास योजना होती. २०१६ साली तिच्या जागी प्रधानमंत्री आवास योजना आली. सपाट मुलखात एका घराला १ लाख २० हजार रुपये मिळतात, डोंगरी मुलखात १ लाख ३० हजार. शौचालयाचे १२ हजार वेगळे. २०२५ साली महाराष्ट्र सरकारने आपल्या बाजूने आणखी ५० हजार वाढवायचे ठरवले. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार सौरपट्टीला. घर किमान २५ चौरस मीटरचे पाहिजे. आपल्या भाषेत सांगायचे तर पंधरा फूट रुंद आणि अठरा फूट लांब, एवढे.

पैसा हातात मिळत नाही. बँकेच्या खात्यात येतो, आणि हप्त्याहप्त्याने येतो. जोते झाले, फोटो काढला, हप्ता आला. भिंती झाल्या, फोटो काढला, हप्ता आला. फोटो मोबाईलवर काढतात आणि त्यात जागेची खूण आपोआप उमटते. म्हणून दुसऱ्याच्या घराचा फोटो चालत नाही. कोणी "हप्ता काढून देतो, एवढे द्या" म्हणाला तर त्याला विचारा, खाते माझे, फोटो माझ्या घराचा, मग तू मधे कोण?

अनुसूचित जातीच्या आणि नवबौद्ध कुटुंबांना रमाई आवास, आदिवासी कुटुंबांना शबरी आवास, भटक्या आणि विमुक्त जमातींना यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत, आणि इतर मागास वर्गाला २०२३ पासून मोदी आवास. नावे वेगळी, पण विचारायचे ठिकाण एकच. ग्रामपंचायत, आणि तिथे उत्तर मिळाले नाही तर पंचायत समिती. हदगाव शहरात राहणाऱ्यांनी मात्र नगरपरिषदेत जावे. शहराची योजना निराळी आहे.

यादीत नाव कसे येते? पाहणी होते, यादी तयार होते आणि ती ग्रामसभेपुढे ठेवतात. २०११ साली एक मोठी पाहणी झाली होती. त्यात सुटलेल्यांची पाहणी २०१८ साली झाली, आणि पुढे २०२४ नंतर पुन्हा एक. पूर्वी घरात फटफटी असली की नाव गळत असे. २०२४ साली ती अट काढली. त्यामुळे "मपलं नाव एकदा कटलं, आता काय उपयोग" असे म्हणून घरी बसू नका. ग्रामसभा वर्षातून किमान चार वेळा भरली पाहिजे असा कायदा आहे. यादी वाचली जाते तेव्हा तिथे बसा. आता तुम्हाला वाचता येते, तेव्हा यादी नुसती ऐकू नका. हातात घेऊन आपले नाव, बापाचे नाव आणि क्रमांक स्वतः वाचा. एका अक्षराच्या चुकीने आधार कार्डावरचे नाव आणि यादीतले नाव जुळत नाही, मग खात्यात पैसा येत नाही. आमच्या गावात असे दोन वेळा झाले.

ज्यांचे अंग अधू आहे त्यांच्यासाठी २०१६ सालचा दिव्यांग हक्क कायदा आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर जागा आणि घर देण्याच्या सरकारी योजनांत शेकडा पाच वाटा अशा लोकांसाठी ठेवावा, असे त्यात आहे. शिवाय महाराष्ट्रात ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले शेकडा पाच रुपये दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. समजा, घरपट्टी, पाणीपट्टी वगैरे मिळून गावाचे उत्पन्न दोन लाख आहे. शंभराला पाच, म्हणजे दोन लाखांना दहा हजार. रक्कम छोटी वाटते. पण घरपट्टी थकवली की ही रक्कम आणखी छोटी होते, हे कोणी ध्यानात घेत नाही.

किल्लारीची आठवण

सरकारने घरासाठी पैसे देणे, आणि कोणाला किती द्यायचे यावरून तंटे होणे, हे आपल्या मराठवाड्याने फार मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. उस्मानाबादला आता धाराशिव म्हणतात. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूची गावे भुईसपाट झाली. जवळपास आठ हजार माणसे गेली. आम्ही तेव्हा नोकरीत होतो. कितीतरी दिवस मुलांना भिंतीला टेकून बसवायला धीर होत नव्हता.

इतकी माणसे का गेली? भूकंप फार थोर होता म्हणून नव्हे. तेवढा भूकंप दुसरीकडे होतो आणि माणसे वाचतात. आपली घरे पाहा. दोन-दोन, तीन-तीन फूट रुंद दगडी भिंती, आणि सांध्यात नुसती माती. भिंतीला आतला एक पदर आणि बाहेरचा एक पदर. दोन्ही पदरांना बांधून ठेवणारा, आरपार जाणारा लांब दगड क्वचितच घातलेला. वर माळवद. दर पावसाळ्याआधी गळते म्हणून आपण वर पांढरी माती टाकतो. आजोबांनी टाकली, बापाने टाकली, आपण टाकली. थर वाढत गेला. जमीन हलली तेव्हा भिंतीचे दोन पदर सुटे झाले आणि सगळा भार झोपलेल्या माणसांवर आला. पुष्कळ ठिकाणी लाकडी खांब आणि तुळया उभ्या राहिल्या, भिंती मात्र कोसळल्या. ऊन लागू नये म्हणून जो थर टाकला, त्याच थराखाली माणसे सापडली.

पुढे सरकारला ठरवावे लागले. जगातल्या एका मोठ्या बँकेकडून, जागतिक बँकेकडून, कर्ज घेतले. सगळ्यात जास्त पडलेली ५२ गावे जुन्या जागेवरून उठवून नव्या जागी वसवायची ठरली. बाकीच्या ठिकाणी लोकांनी आपल्या जागेवरच घर बांधावे किंवा दुरुस्त करावे, पैसा सरकारने द्यावा, असे ठरले. दुरुस्तीचे काम तेरा जिल्ह्यांत चालले आणि सुमारे दोन लाख घरे त्यात आली. नुकसान पाहून कोणाला १७ हजार, कोणाला ३४ हजार. तेव्हाही पैसा खात्यात आणि हप्त्यानेच.

तंटे कुठे झाले ते ऐका. नव्या गावात कोणाला किती मोठे घर द्यायचे? नियम असा होता की भूमिहीनाला आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरांवर जमीन असणाऱ्याला ७५०. म्हणजे घरात माणसे किती हे पाहिले नाही, रान किती हे पाहिले. मोठ्या शेतकऱ्याला बैल बांधायला आणि धान्य ठेवायला जागा लागते, असे कारण सांगता येईल. पण दहा माणसांचा मजूर अडीचशे फुटांत कसा झोपेल? आम्हाला हे तेव्हा पटले नाही, आजही पटत नाही.

दुसरा तंटा जागेचा. नवी गावे शहरासारखी आखली. सरळ रस्ते, मोठे चौक, घर सुटे सुटे. जुने गाव जेवढ्या जागेत मावत होते त्याच्या कितीतरी पट जागा लागली. जमीन गेली ती कुणाच्या तरी शेताची. रान लांब पडले. भाऊबंद एका गल्लीत राहत होते ते पांगले. भीतीच्या भरात पुष्कळांनी स्वतःच "आम्हाला इथून उठवा" म्हटले होते, हेही खरे आहे. भीती ओसरल्यावर वाडा आठवू लागला.

दुरुस्तीच्या कामात मात्र एक चांगली गोष्ट झाली. स्वयम् शिक्षण प्रयोग नावाच्या संस्थेमार्फत गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले. इंजिनियर काय म्हणतो ते घरात सांगायचे, आणि घरातली अडचण इंजिनियरला सांगायची, हे त्यांचे काम. दिवसभर घरात बाईच वावरते. कुठली भिंत ओलसर आहे, कुठली तुळई वाकली आहे, हे तिलाच ठाऊक असते.

त्या दुरुस्तीत काय काय केले, ते आजही माळवदात राहणाऱ्याने ध्यानात ठेवण्यासारखे आहे. वरच्या मातीचा थर कमी केला. खांब आणि तुळई यांच्या कोनात तिरपा टेका दिला. भिंतीत आरपार जाणारे बांध घातले. घराच्या कोपऱ्यात दोन भिंती एकमेकींना जखडल्या, आणि भिंतीच्या माथ्यावरून घराभोवती पट्टा फिरवला, जसा पिंपाला लोखंडी कडे असते तसा. हे काही लाखांचे काम नव्हे.

किल्लारी लांब आहे असे म्हणू नका. २१ मार्च २०२४ रोजी सकाळी सहाच्या सुमाराला हिंगोली जिल्ह्यात भूकंप झाला आणि आपल्या नांदेड जिल्ह्यातही भांडी वाजली. १० जुलै २०२४ रोजी पुन्हा तसेच झाले. दोन्ही वेळा जोर साडेचार इतका मोजला गेला. मार्चच्या धक्क्यानंतर प्रशासनाने लोकांना सांगितले की पत्र्याच्या छतावर वाऱ्याने उडू नये म्हणून ठेवलेले दगड खाली काढा. आमच्या गावात किती जणांनी काढले? आम्ही मोजले नाहीत, पण आमच्याच गोठ्यावर चार दगड होते. ते काढले आणि पत्र्याला आकडे मारले.

जागेची वाट

आता परत आमच्या गड्याकडे येऊ. पैशाचा अर्ज वेगळा केला. नाव यादीत होतेच, अपंगत्वाचे प्रमाणपत्र जोडले, घरकुल मंजूर झाले. जुने माळवद उतरवून त्याच जागी नवे घर बांधायचे ठरले. आता जागेचा प्रश्न आला.

गावठाणात घर बांधायचे तर ग्रामपंचायतीची परवानगी लागते. त्यासाठी महाराष्ट्र ग्रामपंचायत कायदा आहे. त्याच्या ५२ व्या कलमात हे आहे. ५३ व्या कलमात असे आहे की गावच्या रस्त्यावर किंवा मोकळ्या जागेवर कोणी पुढे सरकून बांधले, तर ते काढण्याचा अधिकार ग्रामपंचायतीला आहे. गावठाणाबाहेर शेतात घर बांधायचे तर काम तहसीलकडे जाते. तिथे जमीन महसूल कायदा लागतो.

आपल्या हातात बहुधा नमुना आठचा उतारा असतो. लोक त्यालाच मालकीचा कागद समजतात. तो घरपट्टीच्या नोंदीचा उतारा आहे. त्यावर कर कोण भरतो ते कळते. मालकीची पक्की खूण म्हणून आता गावोगावी ड्रोन उडवून मोजणी करतात आणि मिळकत पत्रिका देतात. या योजनेला स्वामित्व म्हणतात. २०२० साली ती सुरू झाली. ड्रोन म्हणजे वरून फोटो काढणारे छोटे विमान. ते वरून पाहते, पण हद्द कुठे हे त्याला आपणच चुना टाकून दाखवायचे असते. चुना टाकायच्या दिवशी घरी राहा.

ज्याला जागाच नाही त्याचे काय? जागा विकत घ्यायला पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची योजना आहे. तिच्यातून पूर्वी ५० हजार मिळत, आता १ लाखापर्यंत मिळतात. पुष्कळ जण गायरानात घर घालून बसले आहेत. तिथे प्रकरण अवघड आहे. २०११ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणे काढा असा निकाल दिला. दुसऱ्या बाजूने २०१८ साली महाराष्ट्र सरकारने १ जानेवारी २०११ पूर्वी सरकारी जागेवर राहायला घर बांधलेल्यांचे घर नियमात बसवायचे धोरण काढले. पुढे २०२२ साली गायरानातल्या घरांना नोटिसा निघाल्या आणि लोकांची झोप उडाली. नोटीस आली तर ती चुलीत घालू नका. तिच्यावर तारीख असते आणि उत्तर द्यायची मुदत असते. आधी ती मुदत वाचा.

उताराचा तंटा

गड्याचे जोते पूर्वी दोन फूट होते. पुराचे पाणी दोनदा ओट्याला लागलेले, म्हणून घरच्यांना ते खाली आणायचे नव्हते. खुर्चीसाठी उतार पाहिजे. उताराचा हिशोब असा आहे की एक फूट उंची चढायला बारा फूट लांबी लागते. त्याहून उभा केला तर खुर्ची मागे घसरते, नाहीतर ढकलणारा दमतो. दोन फुटांना चोवीस फूट. घराचा प्लॉट गल्लीच्या बाजूने बावीस फूट. गवंडी म्हणाला, "सरळ घरापुढून काढू, तीन फूट रुंद, गल्लीत." गल्ली आठ फुटांची. तीन फूट उताराला गेले तर पाच राहिले. ट्रॅक्टर कसा जाणार?

शेजाऱ्याने हरकत घेतली. हरकत म्हणजे, हे काम होऊ नये म्हणून कारण देऊन केलेला लेखी विरोध. गावाने त्याला नावे ठेवली. "लंगड्याच्या वाटेत आडवा येतो, माणूस हाय का कोण?" इथपर्यंत बोलणी गेली. आम्हीही मनात त्याला शिव्या घातल्या, खोटे कशाला सांगावे. मग त्याने आम्हालाच विचारले, "गुरुजी, रात्री मपल्या घरात बाळंतीण अडली तर गाडी कुठून आणू? मी कामून वाईट?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

ग्रामसभा भरली. ग्रामसेवक फीत घेऊन आले. त्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गाव अजून ग्रामसेवकच म्हणते. शेजारी म्हणाला, "एकट्याचं नको, सगळ्यांचं मोजा, मपलं बी." मोजले. पाच जणांचे ओटे गल्लीत पुढे आलेले निघाले. त्यात शेजाऱ्याचा एक फूट, आणि पंचायतीच्या एका सदस्याचा दीड फूट. सभा हसली. त्या ओट्यांचा निकाल अजून लागलेला नाही. कागदावर नोंद झाली, एवढेच.

मार्ग कसा निघाला? गावातला एक पोरगा बांधकामाचे शिकून आलेला. त्याने जमिनीवर काडीने आखून दाखवले. घर पंधरा फूट रुंद होणार, प्लॉट बावीस फूट. बाजूला सात फूट मोकळे राहतात. जोते दीड फूट ठेवा. दीड फुटाला उतार अठरा फूट. तो मोडून नऊ आणि नऊ करा. गल्लीपासून आत नऊ फूट चढायचे, तिथे खुर्ची वळण्यापुरता सपाट चौथरा, मग उलटे फिरून नऊ फूट चढायचे आणि दारापुढच्या ओट्यावर यायचे. प्रत्येक उतार तीन फूट रुंद. दोन्ही मिळून सहा फूट, एक फूट उरतो तो पाणी वाहायला. गल्लीचा एक वीतभर भागही जात नाही. शेजाऱ्याने तिथेच हरकत मागे घेतली, आणि ती मागे घेतल्याचेही लिहून घेतले. तोंडी मागे घेतलेली हरकत दुसऱ्या वर्षी पुन्हा उगवते.

हरकत आली नसती तर उतार गल्लीत गेला असता, आणि एक दिवस ट्रॅक्टरने त्याचा कोपरा फोडला असता.

इंग्लंडात या गोष्टी कशा करतात ते सांगतो, कारण तिथेही हेच दोन रस्ते आहेत. तिथे अधू माणसाचे घर त्याला वापरता यावे म्हणून सरकारी मदत मिळते. दार रुंद करायला, उतार घालायला, न्हाणीघर बदलायला. १९९० पासून ही वेगळी मदत सुरू आहे. आणि बांधकामाला परवानगी मागितली की शेजाऱ्यांना कळवतात, मत द्यायला एकवीस दिवस देतात. तिथेही शेजारी शेजाऱ्याच्या भिंतीवरून भांडतो. श्रीमंत देशात भांडण कमी होते असे नाही, ते लेखी होते.

उताराचे सिमेंट आणि खडी ग्रामपंचायतीच्या त्या शेकडा पाच रुपयांतून आली. मजुरी भाऊबंदांनी केली. दार साडेतीन फुटांचे ठेवले. शौचालयाचे दार बाहेर उघडते आणि आत भिंतीला धरायला लोखंडी दांडी आहे. शेवटचा तंटा घरातलाच निघाला. उंबरा नको, खुर्ची अडते, असे पोरगा म्हणाला. गड्याची आई म्हणाली, "बिनउंबऱ्याचं घर कुठं असतंय? लक्ष्मी कुठून यावी?" दोन दिवस काम थांबले. मग गवंड्याने काळ्या फरशीची पट्टी जमिनीला सपाट बसवली. खुर्ची तिच्यावरून सहज जाते. म्हातारी रोज सकाळी तिला पाणी लावते आणि हळदकुंकू वाहते.

अर्ज लिहा

आता हा अर्ज आपल्या वहीत उतरवून काढा. मोकळ्या जागी आपली माहिती लिहा. यात मागणी एकच आहे हे पाहा.

प्रति, मा. सरपंच, ग्रामपंचायत ......, ता. हदगाव, जि. नांदेड.

विषय : घरासमोर चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधण्यास दिव्यांग निधीतून मदत मिळण्याबाबत.

महोदय, मी ...... राहणार ...... माझ्या घराचा मिळकत क्रमांक ...... आहे. माझे अपंगत्व शेकडा ...... असून प्रमाणपत्राची प्रत जोडली आहे. घरात जाण्यासाठी ...... फूट उंचीचा उतार बांधणे जरूर आहे. उतार माझ्या स्वतःच्या जागेत होणार आहे. नकाशा जोडला आहे. तरी ग्रामपंचायतीच्या दिव्यांग कल्याण निधीतून मदत मिळावी, ही विनंती.

दिनांक ...... सही ......

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या. दुसरीवर पोच घ्या. पोच म्हणजे अर्ज मिळाल्याची खूण. तिच्यावर शिक्का, सही आणि तारीख तिन्ही पाहिजेत. पुष्कळदा शिक्क्याची शाई वाळलेली असते आणि अक्षर उमटत नाही. तेव्हा उठायची घाई करू नका. शिक्का पुन्हा मारायला सांगा, तारीख तिथेच उभे राहून वाचा, आणि मग कागद घडी घालून खिशात ठेवा.